देवाच्या तळ्यातले मासे आणि न फोडलेलं पाकीट

मंडळी, सुरुवातीलाच एक प्रश्न. कोर्टात न्यायाधीशाच्या खुर्चीत किती माणसं बसतात?

पेटीवाले काका एक बोट दाखवतायत. काका, तुम्ही कोर्टात गेलेले दिसत नाही. उत्तर शेवटी काढू. तोवर माणसं मोजत राहा.

तर ऐका. हरणगावात सिद्धनाथाचं देऊळ. देवळापुढं तळं, तळ्यात देवाचे मासे. धरायचे नाहीत, खायचे नाहीत, फक्त खायला घालायचं. दारातच पिठाच्या गोळ्यांची पुडी मिळते. माणूस वर्षभर काय काय करून येतो, एक पुडी पाण्यात टाकतो आणि हलका होऊन घरी जातो. इतकी स्वस्त सोय दुसऱ्या कुठल्या देवाकडे आहे, सांगा!

त्या उन्हाळ्यात काय झालं – मासे सकाळी सकाळी वर यायला लागले. तोंडं पाण्याबाहेर, आ वासलेली. भक्त म्हणाले, "बघा, प्रसाद मागतायत." मग काय, एकाच्या जागी चार पुड्या! आणि आठवड्याभरात मासे उलटे तरंगू लागले.

आता येतो आपला सुदाम वाघचौरे. ग्रामपंचायतीचा पाणीवाला. गावाची पिण्याची टाकी हाच भरायचा, तिच्यात औषध हाच टाकायचा. माशांना रोग झाला असेल, असं समजून त्यानं विहिरीत टाकतात ते औषध बादलीत कालवलं आणि तळ्यात ओतलं. ते पाण्यात पडलं की जांभळं होतं. कुणीतरी व्हिडिओ काढला. नऊ सेकंद. सुदाम, बादली, जांभळं पाणी, मागं मेलेले मासे. खाली लिहिलं, 'देवाच्या माशांना विष घालणारा हाच तो.'

दुपारपर्यंत तीन लाख लोकांनी पाहिला. हरणगावची वस्ती चार हजार, लहान पोरं धरून. पण 'फाशी द्या' म्हणायला गाव माहीत असावं लागत नाही, बोट असलं की पुरतं.

पोलिसांनी सुदामला उचललं. भावना दुखावल्याचं कलम लावलं, म्हणजे जामीन द्यायचा की नाही हे न्यायाधीशांच्या हातात गेलं.

न्यायाधीश होते कर्णिकसाहेब. माणूस सरळ. साधा बटणांचा फोन. सगळ्यांना अभिमानानं सांगायचे, "मी ते व्हिडिओ-बिडिओ बघत नाही." खरंच बघत नव्हते. पण त्या दिवशी डबा देताना मुलगी म्हणाली, "बाबा, आज त्या विषवाल्याची तारीख आहे ना?" गाडीत ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, आज विषवाला." कोर्टाच्या दारात शंभर माणसं त्याच नावानं ओरडत होती. काका, मोजताय ना?

सुदामच्या वकील शबाना मुल्ला उभ्या राहिल्या. "साहेब, औषध ओतायच्या आधी हाच माणूस जाळीनं मेलेले मासे काढत होता. तेवढा भाग कापलाय. पाणी आणि मेलेले मासे तपासणीला गेलेत. अहवाल येईपर्यंत तरी जामीन द्या."

"व्हिडिओ मी पाहिलेला नाही," साहेब म्हणाले. "पण बाहेरचं वातावरण फार तापलंय. अर्ज नामंजूर."

वातावरण! मंडळी, वातावरण मोजायची यंत्रं असतात, पण ती वेधशाळेत. कोर्टात कुठल्या कलमानं मोजतात?

तिसऱ्या दिवशी तपासणीचा अहवाल आला. बंद पाकिटात, लाखेचं सील. कारकुनानं तो फायलीला जोडला. सुदाम आत, पाकीट बंद.

आणि नवव्या दिवशी तळ्यात आणखी साठ मासे मेले.

झालं! नवा व्हिडिओ. 'सुदामभाऊ आत आहेत, मग मासे मारले कुणी?' कालचे 'फाशी द्या'वाले आज 'न्याय द्या'वाले. तीच माणसं, तेच बोट. आणि नीट बघा हं – हासुद्धा पक्का पुरावा नव्हताच. विष असतं, तर ते नऊ दिवस पाण्यात उरलंही असतं. पण एवढा विचार करायला नऊ सेकंदांहून जास्त वेळ लागतो.

पुन्हा तारीख. दारात तीच शंभर माणसं, आता हार घेऊन. साहेब म्हणाले, "वातावरण निवळलेलं दिसतंय. जामीन मंजूर."

मुल्लामॅडमनी कागद गोळा केले. पण सुदाम पिंजऱ्यातून हलेना.

"अरे, जा की आता. सुटलास," साहेब म्हणाले.

"साहेब, ते पाकीट फोडा."

"ते खटल्याच्या वेळी बघू."

"खटला कधी उभा राहील? मी उद्या टाकीवर चढणार. खाली बाया हंडे घेऊन उभ्या असणार. माझ्या हातचं पाणी त्या प्यायल्या पाहिजेत. बाहेरच्यांनी आत घातलं, बाहेरच्यांनीच सोडवलं. ते परवा परत फिरले, तर मी काय करू? तुम्ही स्वतः काय ते बघा की एकदा."

मुल्लामॅडम हळूच म्हणाल्या, "साहेब, अहवाल आला त्याला आठवडा झाला."

कर्णिकसाहेबांनी सील फोडलं. मोठ्यानं वाचलं. पाण्यात विष नाही. औषध टाकलं ते बेताचंच. माशांच्या पोटात पीठ, तळाशी पीठ. पीठ कुजलं की पाण्यातला प्राणवायू संपतो. मासे हवेसाठी तोंड वर काढतात.

प्रसाद मागत नव्हते हो ते. गुदमरत होते. आणि ते जितके गुदमरत होते, तितकं आपण आणखी टाकत होतो.

साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "दर सोमवारी मीही दोन पुड्या टाकतो." मग कारकुनाला सांगितलं, "आधीचा हुकूम काढून लिहा – जामीन मंजूर, अहवाल वाचून. ते शेवटचे दोन शब्द विसरू नका."

दुसऱ्या दिवशी सुदाम टाकीवर चढला. पहिला हंडा भरायला कुणी पुढं येईना. मुल्लामॅडम तालुक्याहून मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी ओंजळ धरली, प्यायल्या. मग रांग लागली.

काका, किती झाली माणसं? त्या खुर्चीत मुलगी बसली होती, ड्रायव्हर, दारातले शंभर, बोटवाले तीन लाख. कर्णिकसाहेबांना टेकायला जागा कुठली! त्या तीन लाखांत एक मीही होतो. 'देव बघून घेईल' असं लिहून मी तो व्हिडिओ बारा जणांना पाठवला होता. सुदामची माफी मागायला गेलो, तेव्हा त्यानं मला पाणी दिलं.

तेव्हा मंडळी, खुर्ची एकाची आहे. आपण उठू या. आणि मागच्या खांबाशी उभे असलेले दादा, तुम्ही मघापासून मोबाइल धरलाय. यातलं फक्त 'फाशी द्या' एवढंच कापून पाठवलंत, तर उद्या मीच आत असेन. मला सोडवायला येताना पाकीट फोडणारा कुणीतरी घेऊन या.

आणि खिशात पिठाच्या पुड्या असतील, त्या घरी न्या. भाकरी थापा. देवाच्या माशांना जरा श्वास घेऊ द्या.