पोहोचल्याची रिंग

ड्युटी संपवून नर्स बसमध्ये डोळे मिटून बसली होती. पुढच्या सीटवर बहीण-भाऊ होते. आजीचं शेवटचं सगळं आटोपून आपापल्या घरी निघालेले.

"आजोबा कामावर गेले ते परत आलेच नाहीत. पण आजी रडत बसली नाही रे. शिवणयंत्रावर तिन्ही पोरं वाढवली."

"घोर मात्र कायमचा लागला. घरी पोहोचलं की प्रत्येकानं तिला रिंग द्यायची."

"आणि ही बाई फोन उचलायचीच नाही!"

"‘वाजला म्हणजे पोहोचलात, त्यात बोलायचं काय?’ म्हणायची."

"हो ना, अगदी अस्संच!"

"तिचा फोन कुठाय गं?"

"माझ्या पर्समध्ये."

तेवढ्यात पर्स वाजायला लागली.

"कोण आहे?"

"काका. घरी पोहोचले वाटतं."

"मग उचल ना, ताई."

"नको रे. वाजू दे."