तिनं मला न्हाई सांगितलं

माझं नाव द्वारका, गावात समदे द्वारकाआत्या म्हनत्यात, ज्यांची मी आत्या न्हाई ते बी म्हनत्यात. पुणतांब्याच्या अलीकडं गंगेच्या, म्हंजे गोदावरीच्या, काठाला आमचं गाव, माहेर हेच, आन् सासर म्हनाल भाऊ, तर ते हुतं आन् न्हाई. वैजापूरकडं दिल्ती मला, मूलबाळ झालं न्हाई, त्यानं दुसरी केली, तिला वरसात लेक झाला, मंग त्या घरात मी कुनाची कोन, तवा माझा भाऊ रंगनाथ बैलगाडी घेऊन आला आन् म्हनला चल घरी, तवापासून मी हितंच. फुडं त्याची बायको बाळंतपनात गेली आन् येवढीशी लेक मागं ठेवून गेली. तीच ही मंदा. तिला शेळीचं दूध बोळ्यानं पाजलं ते मी, गोवर निघाला तवा लिंबाचा पाला अंथरून उशाशी बसून राहिले ती मी. लोक म्हनायचे माय मरो आन् मावशी उरो, मी म्हनायचे मी मावशी न्हाई आत्या हाय, पन उरले. हे आदी सांगते कारन म्होरचं समजायला पायजे तुमाला.

तर त्या ताई. नगरच्या, सावेडीकडं घर त्यांचं, महिला मंडळाचं काम करायच्या, महिन्यातनं एकदा बाजाराच्या दिशी सकाळच्या यष्टीनं यायच्या आन् संध्याकाळच्या यष्टीनं जायच्या. शाळेच्या पटांगनात लिंबाखाली सतरंजी टाकायची, बाया-लेकरं गोळा करायची, त्याला त्या मेळावा म्हनायच्या. कवा लेकरांना देवी टोचून घ्या, कवा पानी गाळून प्या, आन् मंग एक दिस काढलं की लेकरांना मारू नका, लेकरू काय सांगतंय ते ऐका. बाया पदरात तोंड घालून हसल्या. आमची शेजारीन पारू, ती लई तोंडाळ, ती म्हनली ताई तुमाला लेकरं किती, ताई म्हनल्या एक बी न्हाई, तवा तर बाया लईच हसल्या. मी बी हसले, खोटं कशाला बोलू. तोच सवाल मला इचारून इचारून लोकांनी माझं काळीज पोखरलं हुतं, आता दुसरीची पाळी हुती.

पन मंदा तिला चिकटली. यष्टी यायच्या येळेला फाट्यावर जाऊन उभी ऱ्हायची, ताईची पिशवी हिच्या खांद्याला, ताई बसली की ही तिच्या मांडीला लागून. ताई मधी भांग पाडून दोन वेन्या घाला म्हनली की हिला दोन वेन्या पायजेत. आमच्या घरात हाय म्हनत्यात, ही आहे म्हनायला लागली. मी म्हनलं अगं हाय म्हन की सरळ, तर म्हनती ताई आहे म्हनतात. बगा म्हंजे. मी वरून ताई ताई करायची, अहोजाहो करायची, पन मनात अगंतुगं करायची, तुमी लिहून घेताय तर घ्या लिहून. माझ्या पोटात दुखायचं. राबावं आपन, रातंदिस जीव लावावा आपन, आन् महिन्यातनं एकदा पिशवी घेऊन येनारीनं लेकरू उचलून न्यावं, न नेता न्यावं. पिकतं तिथं इकत न्हाई म्हनत्यात ते काय उगी न्हाई.

मंग दुष्काळाचं साल आलं. तुमाला ठाऊकच हाय ते साल, हिरी आटल्या, गंगेत वाळू उडायला लागली, सरकारनं रस्त्याचं काम काढलं, आन् बाया-मानसं समदी खडी फोडायला. सकाळी जायचं ते दिस मावळायला यायचं. घरातली समदी कामं पोरींवर आली, पानी पोरींनी आनायचं, म्हसरं पोरींनी बघायची, आन् दळन बी पोरींनीच गिरनीत न्यायचं. रेशनाची ती तांबडी ज्वारी, मिलो, तिचं दळन. गिरनीवाल्याला समदे काका म्हनायचे, गळ्यात माळ, सप्त्याला पीठ फुकट द्यायचा, पोरींना चिमूटभर गूळ हातावर ठेवायचा. बाया म्हनायच्या आपन कामावर, पोरी गिरनीत बसत्यात, काका नजर ठिवत्यात, देवमानूस.

आन् एक दिस मंदा मला म्हनली आत्या, मी गिरनीत न्हाई जानार, आपन जात्यावर दळू. काय सांगू तुमाला, मला येवढा आनंद झाला. गिरनी आल्यापासून जातं कोपऱ्यात पडून हुतं, त्याच्यावर मी मिठाचं मडकं ठेवलं हुतं. मी मडकं उचललं, जातं पुसलं, आन् पहाटंची मी अशी आन् ती तशी, समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून, खुंट्यावर माझ्या हातावर तिचा हात. मी ओव्या सांगायची, ती पाठोपाठ म्हनायची. तिच्या तळहाताला फोड आले तरी ती सोडंना. गावभर बोलबाला झाला की द्वारकाची पोर बगा, ह्या वयात जात्यावर दळती, आजकालच्या पोरींना गिरनी पायजे आन् ही. पारू तिच्या सुनंला टोमना मारायची, शिक जरा मंदाकडनं. मी खडी फोडताना बायांना ऐकू जाईल असं बोलायची, म्हनायची ज्याचं वळन त्याला, आमच्या मंदाला आत्याच्या ओव्या लागत्यात. मला वाटलं ताईकडं गेलेलं लेकरू माझ्याकडं फिरून आलं. मला वाटलं मी जिकले.

त्याच्याच फुडच्या बाजाराला मेळावा हुता. कामावर सुट्टी हुती, समद्या बाया हुत्या, पोरं-पोरी फुडं बसलेल्या. ताईनं त्या दिशी भाषन केलं न्हाई. तिनं तिचं सांगितलं. म्हनली मी लहान असताना आमच्या घरी एक गृहस्थ शिकवायला यायचे, मला ते आवडायचे न्हाईत, त्यांच्या हाताचं मला भ्या वाटायचं, आन् मी घरात कुनाला सांगू शकले न्हाई कारन समदे त्यांच्या पाया पडायचे. असं म्हनली, समद्यांच्या देखत. बाया खाली बगायला लागल्या. मंग ती पोरांना म्हनली, आता तुमी मला सांगा, कुनाचं नाव घ्यायचं न्हाई, नुसती जागा सांगायची, गावात अशी कंची जागा हाय जितं तुमाला एकट्याला जायला नको वाटतं.

एक म्हनलं चिंचंखाली, तितं हडळ हाय. बाया हसल्या. एक म्हनलं शाळंत, तवा मास्तर बी हसले. एक म्हनलं घाटावर, तितं एक कुत्रं हाय. आन् मंदा उठली आन् म्हनली गिरनीत. बाया हसल्या, पट्ट्याच्या आवाजाला भिती म्हनल्या. मंग पारूची नात उठली, म्हनली गिरनीत. मंग सुताराची पोर, तिनं बसल्या बसल्याच सांगितलं, गिरनीत. आन् मंग कोन हसलं न्हाई.

ताईनं काय केलं, तिनं पोरींना जवळ घेतलं न्हाई, काय इचारलं न्हाई समद्यांपुढं, नुसती म्हनली बरं झालं सांगितलंत, तुमचं काय चुकलेलं न्हाई. मंग पोरींना एकेकीला शाळेच्या खोलीत नेऊन बोलली, आयांना बी बोलावलं. मंदाच्या येळंला मला बोलावलं. मंदा तिच्या हाताला धरून उभी, माझ्याकडं बगंना, खाली मान घालून सांगत हुती गिरनीवाला आत पीठ भरायला बोलवायचा आन् काय करायचा. मला त्या हरामखोराचा राग यायला पायजे हुता पैला. आला, मागनं आला, लई आला. पन पैल्यांदा काय आलं मनात सांगू? हिला का. हिला का सांगितलं. रोज पहाटं गुडघ्याला गुडघा लावून बसत हुती माझ्यासमोर, हातावर हात हुता, आन् सांगितलं हिला.

सांजच्याला गिरनीवाला पारावर येऊन बोंबलला की बाईनं पोरी पढवून आनल्या, गावाची अब्रू घालवायला आली. चार जानती मानसं त्याच्या बाजूनं. रंगनाथ घरी आला, म्हनला आता तोंड बंद ठेवायचं, पोरीचं नाव झालं तर तिला सून कोन करील, तिच्या मामाकडं पाठवून देतो. मी म्हनलं पोर कुठं बी जानार न्हाई, जायचंच तर तो गिरनीवाला जाईल. रंगनाथ म्हनला तुझं कोन ऐकतंय, आन् तुझ्या त्या ताईचं बी. मी म्हनलं ती माझी ताई न्हाई.

दुसऱ्या दिशी मी जातं उचलून अंगनात आनलं, रस्त्यावरनं जानाऱ्याला दिसंल असं, आन् मी आन् मंदा दळायला बसलो. पारू तिच्या नातीला घेऊन आली, म्हनली माझं जातं गुळगुळीत झालंय, तुझ्या जात्यावर दळू का. दळ म्हनलं. मंग सुतारीन आली. मंग एकेक घरातनं जाती बाहेर निघाली, कुनाच्या जात्यावर कोंबड्या बसत हुत्या, कुनाचा खुंटा मोडलेला, वडारीन बोलावली टाकी लावायला, दगड खरबरीत करून घ्यायला, ती दिसभर टकटक टकटक करत गल्लीनं फिरली. खडी फोडून आलेल्या बाया, हाताचं सालपट निघालेलं, तरी पहाटं उठून दळायच्या. कुनी कुनाला बैठक घेऊन सांगितलं न्हाई. गिरनीचा टुकटुक आवाज आदी कमी झाला, मंग बंदच झाला. पारावरची जानती मानसं बी घरी गेली तवा त्यांना जात्याचीच भाकर मिळायची, ती बी कवा कवा उशिरा मिळायची, तवा त्यांचं बोलनं बी कमी झालं. फौजदार एकदा येऊन गेला, त्यानं काय केलं मला ठाऊक न्हाई. गिरनीवाला इंजन इकून जावयाच्या गावाला गेला, आन् त्या गावाला फुडच्याच महिन्यात ताई मेळावा घ्यायला गेली. ते मला पटलं, तेवढं पटलं.

पन आता गावात कुनाला बी इचारा, म्हनतील ताईंनी गिरनी बंद पाडली. ताईंनी. भाऊ, हाताला घट्टे कुनाच्या पडले? ताई पावडर लावून आली आन् यष्टीनं गेली. तिनं मेळाव्यात समद्यांफुडं माझं नाव घेतलं, म्हनली द्वारकाबाईंनी वाट दाखवली, टाळ्या वाजवा, आन् बायांनी वाजवल्या, मंदानं तर लई वाजवल्या. मला काय तिच्या शाबासकीची पडली न्हाई. पन टाळ्या वाजवताना मंदा माझ्याकडं बगत नव्हती, ताईकडं बगत हुती, ते मी बगितलं.

आता दुष्काळ सरला, बाजऱ्या आल्या, मंदा सातवीला हाय. ताई अजून येत्यात, मंदा अजून फाट्यावर जाती. मेळाव्यात ल्हान पोरींना ती गोळा करून बसवती, जागा सांगा म्हनती, अगदी ताईवानी मान हलवून. मध्यंतरी एका दुपारी मी तिची वेनी घालत हुते, ती फुडं बसलेली, मी मागं, तवा मला धीर झाला. म्हनलं मंदे, एक इचारू का, मला का न्हाई सांगितलंस. मंग म्हनली, आत्या, ताई संध्याकाळच्या यष्टीनं जानार हुत्या. तुझ्यासंगं मला रोज भाकरी खायची हुती. मी तेल लावलं, भांग पाडला, दोन वेन्या घातल्या. समजलं मला ते. पोर खरं बोलली. पन समजलं म्हनून जळायचं थांबतं असं न्हाई भाऊ, जे जळतंय ते जळतंयच, मी देवाफुडं बी खोटं बोलनार न्हाई.

आन् आता परवाची गोष्ट सांगते आन् थांबते, मला बी शेतात जायचंय. पलीकडच्या आळीची चिंगी हाय, आठ-नऊ वरसांची, तिची माझी काय वळख न्हाई, ती दोन दिस माझ्या दारात येऊन उगी बसायची. तिसऱ्या दिशी म्हनली आत्या, आमच्याकडं तो पाव्हना आला की मी तुमच्याकडं बसायला येऊ का. मी हातातलं सूप खाली ठेवलं. म्हनलं ये बाळा, कवा बी ये, आन् का ते सांगायचं असंल तर सांग, नसंल तर नुसती बस. तिनं सांगितलं. मी तिच्या आईकडं गेले, समदं नीट सांगितलं, पाव्हन्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नको म्हनलं. तिच्या आईनं ऐकलं, आन् पैला सवाल काय केला ठाऊक हाय? पाव्हन्याचा न्हाई. म्हनली, माझ्या पोरीनं हे तुला का सांगितलं.

पाव्हना गेला, त्याला तिनंच हाकलला, फाट्यापतुर शिव्या देत गेली. पन माझ्याशी ती बोलत न्हाई, पान्यावर भेटली की तोंड फिरवती, चिंगी माझ्याकडं आली की हाक मारून घेऊन जाती. मी कशाला रागावू. मी मनात म्हनते, जळ बाई, जळ माझ्यावर खुशाल, तुझी पोर सुखात ऱ्हाऊ दे.