हरवलेली कुरकुर

पंक्चर काढायला आलेले म्हातारे मास्तर गॅरेजच्या बाकावर टेकले होते. असली तक्रार त्यांनी उभ्या जन्मात ऐकली नव्हती.

"मिस्त्री, आमच्या जीपची कुरकुर बंद झालीय."

"मग बरंच झालं की, वहिनी!"

"ती मला परत हवीय."

"सकाळी सकाळी चेष्टा?"

"नाही हो. पुढचे उंच स्प्रिंग ह्यांनी स्वतः बसवले, तेव्हापासून कुरकुरायची."

"कुरकुरणारच! चाकं हवेत लोंबकळत ठेवून बोल्ट आवळलेत. गाडी जमिनीवर टेकवून आवळायचे असतात, नाहीतर आतलं रबर पिळलेलंच राहतं."

"परवा दिरांनी त्यावर तेलाचा फवारा मारला."

"भलं केलं."

"सासूबाईंना दिसत नाही. कुरकुर ऐकली की कडी काढायच्या. हे गेले, मी चालवायला लागले, तरी काढायच्या. काल दार वाजवलं, तर आतून म्हणाल्या, 'कोण पाहिजे?'"

मिस्त्रीने पाना खाली ठेवला.

"तेल पुसून देतो. पण ते रबर कधीतरी फाटेल, वहिनी."

"त्यांच्यापुरतं टिकू दे."

मास्तरांचं पंक्चर केव्हाच निघालं होतं, पण ते हलले नाहीत.

"आता घ्या जरा पुढे. आली?"

"आली. निघते मी, त्या दाराशीच बसल्या असतील."