घोडा, चपान आणि मागे न घेतलेला खटला

नाव : इशेनाली सातारकुलोव. वय : ६२. धंदा : जनावरांचा डॉक्टर, निवृत्त. राहणार : कोक-जार, नारिन प्रांत.

मी स्वतः ठाण्यात हजर होऊन जबाब देतो की, मी मेंढपाळांच्या एका छोट्या पक्षाचा अध्यक्ष आहे. राजकीय पक्षांना सरकारी तिजोरीतून पैसा देण्याचा कायदा झाला, पण तो फक्त संसदेत बसलेल्यांना. कर आम्हीही भरतो. म्हणून त्या कायद्याविरुद्ध मी बिश्केकच्या घटना न्यायालयात गेलो. सुनावणी येत्या गुरुवारी आहे. अर्जदार मी एकटाच. मी हटलो की खटला संपला.

रविवारी माझ्या नातवाला पाळण्यात घातलं. अशा वेळी पाहुणे आजोबाच्या अंगावर चपान, म्हणजे मानाचा झगा, घालतात. संसदेतल्या मोठ्या पक्षाचा तालुकाप्रमुख तेमिरकुल असानोव याने चपान घातलं, तेव्हा मी आभार मानले आणि त्याला मटणाचा मानाचा तुकडा वाढला. मग त्याने फाटकाशी बांधलेला घोडा दाखवला आणि भर पंगतीत जाहीर केलं की घोडा दिला, चपान दिलं, कोर्टातला वाद मिटला. आमच्याकडे वाद असाच मिटवतात. मला संताप आला. पण घरी जेवायला बसलेल्या पाहुण्याच्या तोंडावर चपान फेकणं माझ्याने झालं नाही.

सोमवारी माझ्या वकिलाचा फोन आला. माझ्या नावाने खटला मागे घेतल्याचा अर्ज कोर्टात पोचला होता. त्यावरची सही माझी नाही.

मी गावच्या वडीलधाऱ्यांकडे, कादिरकुल बाबांकडे गेलो. रविवारच्या पंगतीत तेही होते.

"चपान अंगावर घेतलंस ना? मग आता कसलं कोर्ट?"

"बाबा, नातवाचा मान म्हणून घेतलं. खटला विकायला नव्हतं घेतलं."

"ते तुझं तुला ठाऊक. गावाने मात्र मिटलेलं पाहिलं."

मिटलेला वाद उकरणाऱ्याने स्वतः घोडा आणि चपान दंड भरायचा, हीही आमचीच रीत. तेमिरकुलचं सगळं मी त्याच्या दारात परत पोचवलं. मग माझी घोडी आणि माझं चपान घेऊन चारचौघांसमक्ष बाबांपुढे उभा राहिलो. ती घोडी शिंगरू असल्यापासून मी हाताने वाढवली आहे. लगाम सोडवेना माझ्याने. बाबांनी तो माझ्या मुठीतून काढून घेतला.

"दंड पोचला. आता तुला कोणी अडवणार नाही. पण आता मागे फिरलास, तर मला तोंड दाखवू नकोस."

खोट्या अर्जाबद्दल तेमिरकुल असानोवविरुद्ध माझी तक्रार आहे. ठाणे अंमलदारांनी चहा दिला आणि गावातलं गावात मिटवा असं सुचवलं. चहा मी घेतला. गुरुवारी मी कोर्टात उभा राहणार आहे. घोडी नाही, तर भाड्याच्या गाडीने जाईन.

जबाब मला माझ्या भाषेत वाचून दाखवला. शेवटी 'तक्रारदाराची समजूत घालण्यात आली' असं लिहिलं होतं. ते मी खोडायला लावलं. बाकी बरोबर आहे.