पप्पा परत आले

अरे ऐका ना, दुष्काळाच्या वर्षी मी नांदेडहून एकटाच बाइकवर कोकणात गेलो होतो ना, तेव्हाचं सांगून राहिलो. पाठीवरच्या बॅगेत पप्पांच्या अस्थी, लाल कपड्यात बांधलेल्या. मम्मीची एकच ताकीद, "सोडल्यावर मागं वळून बघायचं न्हाई, त्यांचा जीव अडकतो."

समुद्राच्या कडेनं पायवाटेवरून लई चाललो, शांत जागा बघून खाली उतरलो, गाठोडं पाण्यात सोडलं अन् सरळ चढायला लागलो. तर मागून खडकावरची कालवं, म्हणजे शिंपले, काढणारी एक मावशी ओरडून राहिली, "अरे, मागे बघ!"

मी कशाला बघतो? रडत रडत अजून जोरात चाललो.

शेवटी ती धापा टाकत पुढ्यात आली. हातात निथळतं लाल गाठोडं.

"तुझं माणूस परत आलं. भरती आहे रे ही, ओहोटीला सोडायचं असतं."

आपल्याला काय माहीत? ओहोटी लागली तसं तिनं मला हाताला धरून कंबरभर पाण्यात नेलं. या वेळी पप्पा गेले.

बाहेर येऊन पदर पिळत म्हणाली, "एवढ्या लांब का आणलंस? तुमच्या गावाला नदी नाही?"

"हाय ना मावशी," म्हणलं, "पण ती पप्पांच्या आधीच गेली."