देवीचं ऐकायचे, माझं न्हाई

माहेर माझं गेवराईकडचं, गंगेच्या म्हंजी गोदावरीच्या काठाला, आमी चार बहिणी, त्यात मी तिसरी, कुसुम. तिसरी म्हणल्यावर काय सांगू तुमाला, बापानं स्थळ सुदिक नीट बघितलं न्हाई, नांदूरघाटाच्या अलीकडं ह्या गावात देऊन टाकली. मालक तवा लई मारायचे. कावून मारता म्हणून इचारलं तर इचारलं म्हणून मारायचे. सासू म्हणायची, गुमान राहा, समद्यांच्याच घरी हाय हे.

दुसऱ्या वर्षी नवरात्रात देवळात आरतीला गेलते, पाठ ठणकत होती, हलगी वाजाया लागली आन् माझं आंग हलाया लागलं. केस सुटले, तोंडातून सबुद निघाले का घरच्या लक्ष्मीवर हात उचलशील तर हात झडंल. मालक समोरच होते, आडवेच झाले माझ्या पायावर. ते खरं आलतं का म्याच आणलं, मला आजवर कळलं न्हाई बघा. पण त्या दिसापासून मार बंद झाला, मग देव न्हाई कसं म्हणू?

पुढं मातर म्याच आणायची, दर मंगळवारी. खोटं कशाला सांगू. कुसुमनं सांगितलं तर घरातलं मांजर हलायचं न्हाई, देवीनं सांगितलं का गाव हलायचं. ग्रामसेवक दोन वरीस संडास बांधा संडास बांधा म्हणून दमला, देवीनं एकदा म्हणलं, माझ्या लेकी उघड्यावर बसत्यात, मला लाज वाटती, आठ दिसात घरोघर खड्डे. पोरीला साळंत घाला, सासऱ्याला दारू सोडाया लावा, समदं देवीच्या तोंडून केलं. लोक म्हणायचे, देवी लई जागृत हाय. मी मनात म्हणायची, हो, दिवसभर भाकरी थापून जागीच हाय.

माझी एकुलती पोरगी वैशाली. नऊ वरसाची असताना तिला ताप आला, मान आखडली, उजेड सोसंना. मी म्हणलं, बीडला न्या, दवाखान्यात दाखवा. मालक म्हणले, येडी का तू, घरात देवी असताना लोक आपल्या दारी येतात, आन् आपण डाक्टरच्या दारात जायचं? लोक काय म्हणतील? मी पाया पडले, रडले. अंगारा लावला तिला, त्यो माझ्याच हातचा होता.

दुसऱ्या दिवशी मग केस सोडले. बेस्तरवार होता. घुमाया लागले, वरडून सांगितलं, लेकराला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या, हा माझा हुकूम हाय. मालकांनी हात जोडले बी. पण सासू, जी दर मंगळवारी माझं पाय धुऊन पाणी प्यायची, ती जवळ आली, माझ्या तोंडाकडं बघितलं आन् म्हणली, ऊठ कुसुम, ही देवी न्हाई, ही माय बोलती. मालकांनी जोडलेले हात खाली घेतले. इतक्या वरसात त्यांनी मला तेवढं एकदाच वळखलं.

तिसऱ्या दिवशी पोरगी डोळे फिरवाया लागली तवा कोणाला न इचारता उचलली आन् दुधाच्या टेम्पोत बसले. डाक्टर म्हणले, मेंदूला सूज हाय, आदी कावून आणलं न्हाई? काय सांगणार, घरात देवी हाय म्हणून? पोरगी वाचली, पण दोन्ही कान गेले. घरी आणली तर गाव गोळा झालं. म्हणले, देवीनं वाचवली. आन् कान? तर म्हणले, तू देवीला सोडून डाक्टरकडं गेलीस, म्हणून कान गेले. म्हणजे वाचली ती देवीमुळं आन् बहिरी झाली ती माझ्यामुळं.

मला वाटलं आता हे सोडून द्यावं. पण सोडलं तर मालकांचा हात पुन्यांदा सुटंल, ही भीती हायच. आता तर मोबाइल आलाय. मालक समोर धरून बसतात, पुण्याची माणसं त्याच्यात दिसतात, मोठमोठ्या नोकऱ्या, पाठीमागं गार हवेची मशीन, आन् मला इचारतात, आई, सुख कधी लागंल? कधी कधी हसू येतं. मी त्यांना सांगते, माय जिती असंल तर तिच्याशी रोज बोला. त्यांना ते लई मोठं ज्ञान वाटतं.

वैशाली आता सोळाची हाय. मंगळवारी समदे खाली वाकतात, ती एकटी ताठ बसून माझ्याकडं बघती. मी काय बोलते ते तिला ऐकू येत न्हाई, म्हणून तिला माझा चेहरा दिसतो. उरकल्यावर पाणी आणून देती, हातानं इचारती, दमलीस का? तेवढं एक माणूस मला इचारतं.

तुमी एवढ्या लांबून आलात, माझं ऐकून घेतलं, सुखी राहा. हा आशीर्वाद माझ्या तोंडचा हाय, लागू पडंल का न्हाई सांगता येत न्हाई. देवीचा पायजे असंल तर मंगळवारी या.