चार वाट्या पाणी

गिरिजाबाई : आरं गुरू, असा मटकन का बसलास? शिश्या घासून लख्ख केल्या, पाणी चौपदरी फडक्यानं गाळून परत भरलं. हैदराबादेपतूर नासायचं न्हाय.

गुरुसिद्धप्पा : आत्या... चारी शिश्यांतलं गाळलं?

गिरिजाबाई : चारी. भावाचं लेकरू एका रातीसाठी घरी येतं, पहाटं उठून गावचं पाणी भरून आणतं, कुठली शिशी कुठली ते सांगून ठेवतं. म्या म्हणलं, परमुलखात आठवण येत आसंल. बारवेचं समजलं, तळ्याचं समजलं. बैलाच्या हौदाचं कशाला, ते मातर कळंना. वाटलं, कॉलेजात जाऊन डोस्कं फिरलं.

गुरुसिद्धप्पा : प्यायला नव्हतं हो ते! मला त्यातले जीव पाहिजे होते.

गिरिजाबाई : कसले जीव? नितळ तर व्हतं.

गुरुसिद्धप्पा : नुसत्या डोळ्यांना नाही दिसत. खुर्दबीन लावली की दिसतात. अंगभर पापणीसारखे केस, ते लववत लववत पोहतात. बारवेत एक जात, तळ्यात दुसरी, हौदात तिसरी, देवळाच्या पन्हाळीखालच्या शेवाळात आणखी निराळी. कोण कुठं राहतं, तेच मला लिहायचंय.

गिरिजाबाई : म्हंजे खानेसुमारीच की! गेल्या साली सरकारची माणसं आली व्हती, दारादारावर आकडे घालून गेली. तसंच?

गुरुसिद्धप्पा : तसंच. पण आता काय लिहू? कॉलेजातल्या साहेबांनी बजावलंय, उद्या चार पाणी टेबलावर पाहिजेत, नाहीतर हा विषय दुसऱ्याला. शिकायला मिळतो तो वजीफाही त्याच्यामागं जाईल. आन दुपारची मोटार चुकली तर उद्या कसला पोचतोय!

गिरिजाबाई : माझ्याच हातानं केलं म्हण की.

गुरुसिद्धप्पा : तुम्ही मायेनं केलंत. तुम्हाला काय बोलू?

गिरिजाबाई : बोलू नगंस. भितीतल्या देवळीत त्या चार वाट्या दिसतात का, वर पळसाची पानं झाकलेल्या?

गुरुसिद्धप्पा : मला भूक न्हाय, आत्या.

गिरिजाबाई : खायाचं न्हवं ते! पाणी गाळलं, तर फडक्यात ऱ्हातंय ते उंबऱ्यावर झटकायचं व्हय? तुझी आज्जी मारायची मला. फडकं उलटं करायचं, त्याच पाण्यात खळबळायचं आन ज्याचं त्याला परत न्हेऊन सोडायचं. चार पाण्याला चार फडकी, चार वाट्या. ऊन उतरल्यावर जाणार व्हते.

गुरुसिद्धप्पा : आत्या! म्हणजे शिशीभर पाण्यातले वाटीभर झाले?

गिरिजाबाई : आसतील. मला कुठं दिसतात?

गुरुसिद्धप्पा : पण कोणती वाटी कुठली? शिश्यांवरच्या चिठ्ठ्या?

गिरिजाबाई : शिश्या घासताना राखेत गेल्या. मला कुठं वाचता येतंय? म्या गाळताना म्हणत व्हते ना...

पहिल्या वाटीमंदी बारवेची गार सावली,
दुसरीत तळ्याकाठी बगळ्याची माय न्हाली.
तिसऱ्या वाटीमंदी बैलं वाकली हौदाला,
चौथीत थेंब थेंब शेवाळ भेटे देवाला.

गुरुसिद्धप्पा : हे कधी केलंत?

गिरिजाबाई : हात चालला की तोंड चालतं. डावीकडनं मोज.

(ओसरीच्या उन्हात खुर्दबीन मांडली जाते.)

गुरुसिद्धप्पा : थांबा... बारवेचा एक थेंब मी उजाडल्यावर देवळाच्या ओट्यावर ह्याच खुर्दबिनीत पाहिला होता. देठावरच्या घंटा होत्या त्यात. पहिल्या वाटीत... आहेत! काडीकचऱ्याला धरून बसल्यात. एवढ्या तर सकाळी नव्हत्या. आत्या, तुमचं फडकं म्हणजे जाळंच झालं की! या, एक डोळा मिटून बघा.

गिरिजाबाई : काय दिसंना... आगं बया! ही घंटा आक्रसली की! दचकली का रं मला बघून?

गुरुसिद्धप्पा : धक्का लागला की देठ गोळा करतात. थांबा, परत उघडंल.

गिरिजाबाई : उघडली... चाळीस वरसं ह्यांना गाळते, आन आज तोंड बघितलं. ती चपलीसारखी कोण पळती?

गुरुसिद्धप्पा : ती दुसरी जात. तिलाही केस आहेत, बघा कशी गिरकी घेती.

गिरिजाबाई : गुरू, एक इचारू? काम झाल्यावर ह्यांना परत आणशील ना?

गुरुसिद्धप्पा : ...न्हाय, आत्या. साहेब औषधात घालतील. मरतील ते.

गिरिजाबाई : खरं बोललास, बरं केलंस. मग सगळे न्ह्यायचे न्हाईत. निम्मे तुझ्या साहेबाचे, निम्मे माझे.

गुरुसिद्धप्पा : कबूल. निम्मे शिश्यांत ओततो, निम्मे वाट्यांत राहू देत. साहेबांना निम्मे पुष्कळ झाले.

गिरिजाबाई : आन मोटारीला अजून येळ हाय. माझे निम्मे आत्ताच पोचवू. आदी बारव, मग तळं.

गुरुसिद्धप्पा : चला. दोन वाट्या मी घेतो.

गिरिजाबाई : आन तू रं? तू कुठल्या निम्म्यातला?

गुरुसिद्धप्पा : तुमच्या. ती वाटी जरा सरळ धरा, आत्या, हिंदकळती.